धागा पुढे

बावीस टाके घातले होते,
पाचव्या ओळीला सत्तावीस भरले.
कुठून आले हे पाच, कोणी बोलावलं,
काही कळेना.
इसोबेल टर्नबुलनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
विणकाम खिडकीच्या उजेडात धरलं
आणि पाच ठिकाणी करंगळी घालून दाखवली.
"हे बघ तुझे पाहुणे."
प्रत्येकाच्या पायाशी एकेक भोक.

मी दातांची डॉक्टर. हॉइकच्या हाय स्ट्रीटवर
बेकरीच्या वरच्या मजल्यावर
नऊ ते साडेपाच भोकं बुजवते.
इसोबेलच्याही दाढा मीच बुजवल्या, दोन काढल्या.
चौतीस वर्षं गिरणीत स्वेटरांना गळे जोडत होती ती.
गिरणीत आता फ्लॅट झालेत,
तिच्या बोटांना हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

उसवू का, मी विचारलं.
"कशाला? चुकून केलंस, तेच आता मुद्दाम कर."

तर असं:
एक सुलट विणायचं.
मग धागा दोन सुयांच्या मधून पुढे, आपल्या पोटाकडे आणायचा
आणि पुढचा टाका सुलटच घ्यायचा,
जणू धागा भलत्या बाजूला आहे हे आपल्या गावीच नाही.
तो मग आपला आपण सुईवरून आडवा होऊन मागे जातो.
बस.
सुईवर एक वेटोळं बसतं,
मागल्या ओळीतल्या कुणाच्याच खांद्यावर उभं नसलेलं.
परतताना त्याला टाका मानायचं, उलट विणायचं.
"समोरून घे हं. मागून घेतलंस तर पिळेल,
भोक मिटेल."
मिटलं तर बरंच की, माझ्यातली डॉक्टर म्हणाली.

"आणि ही वाढ," इसोबेल म्हणाली,
"टाका वाढवायच्या साऱ्या तऱ्हांत ही सगळ्यात सोपी."

वाढ.

गडहिंग्लजला मोरीत धुणं आपटताना
आईची बांगडी दगडावर लागली होती.
फुटली! मी ओरडले.
तिनं साबणाचा हात तसाच माझ्या तोंडावर ठेवला.
फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं.
मी तिच्या उजव्या हातातल्या मोजल्या: सातच्या सहा.
मला नुकती वजाबाकी येऊ लागली होती,
त्यामुळे पटेना.
तोंडात कितीतरी वेळ साबणाची चव होती.

हे इसोबेलला इंग्रजीत सांगायला गेले
तर निम्मं वाटेत सांडलं.
तिनं बिस्किट चहात बुडवलं, डावीकडून चावलं.
"म्हणजे फुटलेलंही तुम्ही जमेलाच धरता," म्हणाली,
"हिशेबाला पक्की आहे तुझी आई."
आहे.
मी क्रियापद दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलाच पेशंट, सहा वर्षांचा रोरी,
पडलेला दात काड्यापेटीत घालून घेऊन आलेला.
खुर्चीवर चढल्या चढल्या
त्यानं नव्या खिंडीतून जीभ बाहेर काढून दाखवली.
मी आरसा आत धरला.
बुजवायचं काही नव्हतं.
वाढला, मी मराठीत म्हटलं.
"काय?"
काही नाही रे, अजून थोडं उघड.

मफलर आता हातभर झालाय.
मुद्दामच्या भोकांची एक रांग तिरकी चढत जाते,
खालची पाच तशीच, वाट चुकलेली.
सकाळी पुलावर टेव्हिअटचा वारा
नेमका त्या पाचांतून मानेला लागतो.
इसोबेल म्हणते, पुढच्या गुरुवारी
दोन टाके एकत्र घ्यायला शिकवते,
नाहीतर तुझं हे वाढणं काही थांबायचं नाही.

सध्या एकेचाळीस आहेत.